एकाच मशीनवर पायथॉनचे तीन व्हर्जन: लायब्ऱ्यांचा घोळ न करता काम कुठल्या क्रमानं करायचं

बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांचे आणि उद्यमबागच्या वर्कशॉपवाल्यांचे मेसेज वेगवेगळे असतात पण दुखणं एकच असतं. "पिप इन्स्टॉल केलं, सक्सेसफुल आलं, तरी मॉड्यूल सापडत नाही म्हणतंय." (पिप म्हणजे पायथॉनच्या लायब्ऱ्या उतरवून बसवणारं टूल.) नाहीतर "काल चालत होतं, आज नवीन लायब्ररी टाकली आणि जुनं बंद पडलं." मग पायथॉन अनइन्स्टॉल करायचं, परत टाकायचं, परत तेच.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. लायब्ररी कॉम्प्युटरवर बसत नाही, ती एका ठराविक पायथॉनच्या पोटात बसते. मशीनवर तीन पायथॉन असतील तर तीन वेगळे साठे, एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. पुढचं सगळं ह्याच्यावरच उभं आहे.

समजा तुमच्या लॅपटॉपवर तीन कामं आहेत. वर्कशॉपचं जुनं बिलिंग टूल जे ३.८ वर चाललंय, कॉलेजचा प्रोजेक्ट ज्याला टेन्सरफ्लो (मशीन लर्निंगची लायब्ररी) २.१० पाहिजे, आणि क्लासमध्ये शिकवायलेत तो ३.१२. तिन्ही एकत्र नांदवायचीत.

कमांड मी उच्चाराप्रमाणं देवनागरीत देतोय, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे. "पाय" म्हणजे पी-वाय, "व्हेन्व्ह" म्हणजे व्ही-ई-एन-व्ही, "एन्व्ह" म्हणजे ई-एन-व्ही, "-एम" म्हणजे डॅश आणि स्मॉल एम.

१. आधी मशीनवर काय काय पडलंय ते बघा

काहीही टाकायच्या आधी हे करा. बहुतेक जण हीच पायरी गाळतात आणि मग चौथं पायथॉन आणून टाकतात.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा:

पाय --लिस्ट

मशीनवरचे नोंद झालेले सगळे व्हर्जन दिसतील. स्टारची खूण ज्याच्यापुढं आहे तो डीफॉल्ट. त्यानंतर:

व्हेअर पायथॉन

ह्यात दोन-तीन ओळी आल्या तर सगळ्यात वरची ओळ महत्त्वाची, नुसतं "पायथॉन" टाईप केलं की तीच फाईल चालते. पॉवरशेलमध्ये ही कमांड काहीच दाखवणार नाही, तिथं "व्हेअर" चा अर्थ वेगळा आहे, "व्हेअर.ईएक्सई पायथॉन" असं लिहावं लागतं. वरच्या ओळीत "विंडोजॲप्स" दिसलं तर ते खरं पायथॉन नसायची शक्यता जास्त, ते मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडून देणारं नुसतं दार असतं. सेटिंग्जमध्ये ॲप एक्झिक्युशन एलियासेस शोधा आणि पायथॉनची दोन्ही बटणं बंद करा.

उबुंटूवर "पायथॉन३ --व्हर्जन" बघा. २०.०४ वर ३.८ येतो, २२.०४ वर ३.१० आणि २४.०४ वर ३.१२. हा सिस्टीमचा पायथॉन आहे, तुमचा नव्हे.

सावधान: उबुंटूचा पायथॉन३ काढू नका आणि त्याची लिंक दुसऱ्या व्हर्जनकडं वळवू नका. अपडेटची यंत्रणा आणि टर्मिनलसुद्धा त्याच्यावर अवलंबून असतं. टर्मिनलच उघडंना झालं तर दुरुस्ती कुठं बसून करणार?

आणखी एक, विंडोजवर ३२ बिट की ६४ बिट तेही इथंच बघून घ्या. जुन्या मशीनवर कधीतरी कुणीतरी ३२ बिट पायथॉन टाकून ठेवलेला असतो, आणि टेन्सरफ्लो त्याच्यासाठी मिळतच नाही, पिप नुसतं "मॅचिंग डिस्ट्रिब्युशन नाही" म्हणतं आणि माणूस इंटरनेटला शिव्या देत बसतो.

२. व्हर्जन कुठला ते लायब्ररीला विचारून ठरवा

लोकांचा क्रम उलटा असतो. आधी साईटवरचा सगळ्यात नवीन पायथॉन उतरवतात आणि मग लायब्ररी त्याच्यावर बसवायला झुंजतात. खरा क्रम असा: प्रोजेक्टमधली सगळ्यात हट्टी लायब्ररी कुठली ते शोधायचं, ती कुठल्या पायथॉनवर चालते ते बघायचं, आणि मग पायथॉन निवडायचा.

हट्टी म्हणजे जिच्या आत सी किंवा सी प्लस प्लसचा कोड आहे ती. नमपाय, पांडास, ओपनसीव्ही, टेन्सरफ्लो. ह्या प्रत्येक पायथॉन व्हर्जनसाठी वेगळ्या शिजवून तयार फाईली देतात, त्यांना व्हील म्हणतात. पायपीआयवर (पिप जिथून लायब्ऱ्या आणतो ती साईट) लायब्ररीच्या पानावर डाउनलोड फाईल्समध्ये जा आणि नावं वाचा. नावात "सीपी३१०" असेल तर ती ३.१० साठी, "सीपी३१२" असेल तर ३.१२ साठी. "विन" आणि "एएमडी६४" म्हणजे ६४ बिट विंडोज (इंटेलचा प्रोसेसर असला तरी हेच नाव, घाबरू नका). "पीवाय३-नन-एनी" असेल तर साधी लायब्ररी, कुठल्याही पायथॉन ३ वर बसेल. "एबीआय३" लिहिलं असेल तर त्या व्हर्जनपासून पुढं सगळीकडं चालते.

आपल्या उदाहरणात टेन्सरफ्लो २.१० हा ३.७ ते ३.१० वरच बसतो. विंडोजवर थेट जीपीयू वापरणारा तो शेवटचाच, म्हणून कॉलेजात अजून त्याला मागणी. मग ३.१० ठरला, चर्चा संपली. जँगो (वेबसाईट बनवायची लायब्ररी) ४.२ असेल तर ३.८ ते ३.१२ चालतो, जँगो ५.० ला मात्र कमीत कमी ३.१० लागतो.

जुनं मशीन विंडोज ७ वर असेल तर पायथॉन ३.८ च्या पुढं जाता येत नाही. वर्कशॉपमध्ये बिलिंगचा कॉम्प्युटर हमखास तोच असतो. ३.८ चे सिक्युरिटी अपडेट २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झालेत, तेव्हा ते मशीन नेटपासून लांब ठेवलेलं बरं.

३. व्हर्जन शेजारी शेजारी बसवा

विंडोजवर ३.८, ३.१० आणि ३.१२ तिन्ही सुखानं शेजारी राहतात, प्रत्येकाचा फोल्डर वेगळा. मात्र ३.१०.९ च्या वर ३.१०.११ टाकला तर तो आधीच्याच जागी बसतो, दोन्ही राहत नाहीत.

इथं एक अडचण पोरांना कायम येते: पायथॉनच्या साईटवर ३.१० चा सगळ्यात नवीन रिलीज उघडतात आणि विंडोजचा इन्स्टॉलर सापडतच नाही. कारण व्हर्जन म्हातारा झाला की नुसता सोर्स कोड देतात. इन्स्टॉलर असलेले शेवटचे रिलीज लक्षात ठेवा: ३.८.१०, ३.९.१३, ३.१०.११, ३.११.९ आणि ३.१२.१०. कुठल्यातरी भलत्याच साईटवरून उतरवायची गरज नाही.

इन्स्टॉल करताना पहिल्याच खिडकीत पाथमध्ये (नुसतं "पायथॉन" म्हटलं की विंडोज ज्या फोल्डरांत शोधतं ती यादी) घालायची टिक असते. ती एकाच व्हर्जनला द्या, रोज जो वापरता त्याला. बाकीच्यांना टिक नको, त्यांना आपण "पाय -३.८" असं नावानं हाक मारणार आहोत.

उबुंटूवर जुना व्हर्जन पाहिजे असेल तर डेडस्नेक्स नावाचा पीपीए (उबुंटूबाहेरचा पॅकेजचा साठा) आहे, नाहीतर पायएन्व्ह नावाचं टूल. पायएन्व्ह पायथॉन तुमच्या मशीनवरच बांधतो, तेव्हा आधी एसएसएल, एफएफआय, एसक्यूलाईट आणि झेडलिबची डेव्ह पॅकेजेस टाकून घ्या. एसएसएल किंवा झेडलिबचं नसलं तर बांधणी एरर देऊन मधेच थांबते, बाकीची नसली तर ती मॉड्यूल नसलेला अर्धवट पायथॉन बनतो.

तपासा: "पाय -३.१० --व्हर्जन" आणि "पाय -३.८ --व्हर्जन" दोन्ही बरोबर उत्तर देतात का? नाही दिलं तर पुढं जाऊ नका.

४. प्रत्येक कामाला स्वतःची खोली

अनगोळ-टिळकवाडीत एकाच बिल्डिंगमध्ये पोरं खोल्या घेऊन राहतात, बिल्डिंग एक पण ज्याची भांडी त्याच्या खोलीत. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणजे तेच. पायथॉन ३.१० एकच, पण त्याच्यावर प्रोजेक्टगणिक वेगळी खोली.

प्रोजेक्टचा फोल्डर कुठं ठेवायचा ते आधी. डेस्कटॉपवर ठेवू नका, बऱ्याच लॅपटॉपवर डेस्कटॉप वनड्राईव्हशी जोडलेला असतो आणि ते हजारो बारक्या फाईली वर पाठवत बसतं. फोल्डरचं नाव मराठीत किंवा कन्नडात टाकू नका. अभिमान समजतो, पण विंडोजवर ओपनसीव्हीला "फोटो" असं देवनागरी नाव असलेल्या पाथवरून चित्र वाचायला सांगितलं तर एरर न देता रिकामं परत येतं, आणि एरर येतो दहा ओळी खाली, भलत्याच ठिकाणी. सरळ सी ड्राईव्हवर "कोड" फोल्डर करा, इंग्रजीत, मधे स्पेस न देता.

त्या फोल्डरमध्ये जाऊन:

पाय -३.१० -एम व्हेन्व्ह एन्व्ह३१०

नावात व्हर्जन टाकायची सवय लावा, सहा महिन्यांनी कळतं ही खोली कुणाची. मग ती उघडा:

एन्व्ह३१०\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट

पॉवरशेलमध्ये लाल अक्षरात स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे असं आलं तर:

सेट-एक्झिक्युशनपॉलिसी -स्कोप करंटयूजर रिमोटसाईन्ड

एकदाच करायचं. लॅबच्या मशीनवर परवानगी नसेल तर साधा कमांड प्रॉम्प्ट वापरा, तिथं ही भानगडच नाही.

उबुंटूवर खोली बनवताना एन्शुअरपिप नाही असं आलं तर "पायथॉन३.१२-व्हेन्व्ह" हे पॅकेज ॲप्टनं टाका (आकडा तुमच्या व्हर्जनचा).

सावधान, आणि हे दोनदा वाचा: खोली उघडल्यावर "पाय -३.१०" वापरायचं नाही. आकडा दिला की पाय लाँचर खोली सोडून बाहेरच्या मूळ पायथॉनकडं जातो. नुसतं "पाय" किंवा "पायथॉन" लिहिलं तरच खोलीतला चालतो. कंसात एन्व्ह३१० दिसतंय, म्हणून माणूस बिनधास्त "पाय -३.१० -एम पिप इन्स्टॉल" मारतो आणि लायब्ररी बाहेर जाऊन बसते. इन्स्टॉल झालं पण सापडत नाही, ह्यातल्या कितीतरी तक्रारींचं मूळ हेच.

तपासा:

पायथॉन -एम पिप --व्हर्जन

उत्तरात शेवटी कंसात पायथॉनचा आकडा येतो आणि मधे पाथ येतो. पाथमध्ये एन्व्ह३१० पाहिजे. नसेल तर थांबा.

५. लायब्ररी टाका, पण घाई नको

नुसतं "पिप इन्स्टॉल" लिहू नका, कायम "पायथॉन -एम पिप इन्स्टॉल". चार अक्षरं जास्त पडतात पण कुठल्या पायथॉनमध्ये चाललंय ते नक्की असतं.

पहिलं काम पिपच ताजा करणं:

पायथॉन -एम पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप

जुन्या पिपला नवीन धर्तीची व्हील ओळखता येत नाहीत, मग तो सोर्स उतरवून मशीनवरच बांधायला बघतो.

मग हट्टी लायब्ररी आधी, आणि तिच्याबरोबरच्या अटी त्याच कमांडमध्ये:

पायथॉन -एम पिप इन्स्टॉल "टेन्सरफ्लो==२.१०.*" "नमपाय<२"

ही नमपायची अट का? टेन्सरफ्लो २.१० नमपायला खालची मर्यादा घालतो पण वरची घालत नाही. अट दिली नाही तर पिप इमानदारीत नमपाय २ आणून बसवतो. नमपाय २.० जून २०२४ मध्ये आला आणि जुन्या नमपायवर बांधलेले सी मॉड्यूल त्याच्यावर चालत नाहीत. इन्स्टॉल हिरवं, इम्पोर्ट लाल. टेन्सरफ्लो निघाला तेव्हा हा नमपाय जन्मालाच आला नव्हता, तो मर्यादा कशी घालणार?

अवतरण चिन्हं विसरू नका. ती नसली तर "<" ही खूण कमांड प्रॉम्प्ट स्वतःसाठी घेतो आणि "२" नावाची फाईल शोधायला जातो. आणि "नमपाय>=१.२०" असं उघडं लिहिलं तर अट बाजूला राहते आणि फोल्डरात "१.२०" किंवा "=१.२०" अशा नावाची एक फाईल तयार होते. तुमच्या प्रोजेक्टमध्ये असली फाईल असेल तर आता कळलं ती कुठून आली ते.

सगळं बसल्यावर बाकीच्या साध्या लायब्ऱ्या टाका. टाकायचं नाव आणि इम्पोर्टचं नाव वेगळं असू शकतं: ओपनसीव्ही-पायथॉन टाकतो आणि सीव्ही२ इम्पोर्ट करतो, पिलो टाकतो आणि पीआयएल, सायकिट-लर्न टाकतो आणि एसकेलर्न.

तपासा:

पायथॉन -एम पिप चेक

कुणाची कुणाशी भांडणं असतील तर इथं दिसतात. त्यानंतर मुख्य लायब्ररी एकदा इम्पोर्ट करून बघा, कारण वरचं नमपायचं भांडण पिप चेकला दिसत नाही.

एरर आला तर खालून वर वाचा. नेहमीचे चार:

"मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० पाहिजे" म्हणजे तुमच्या पायथॉनसाठी तयार व्हील नाही. लोक लगेच ते काही जीबीचं टूल उतरवायला घेतात. नको, आधी दुसऱ्या पायरीवर परत जा, दहापैकी नऊ वेळा पायथॉनच जास्त नवीन असतो.

"पीकेजीयुटिलमध्ये इम्पइम्पोर्टर नाही" म्हणजे ३.१२ वर जुनी लायब्ररी बांधायला घेतली. नमपाय १.२३.५ किंवा पांडास १.५.३ असं ३.१२ वर टाकायला गेलात की हमखास.

"डिस्टयुटिल्स नावाचं मॉड्यूल नाही" तेपण ३.१२ चं, त्यात ते काढूनच टाकलंय.

"एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" म्हणजे उबुंटूवर तुम्ही खोली न उघडता सिस्टीममध्ये टाकायला बघताय. एररमध्येच "ब्रेक सिस्टीम पॅकेजेस" असा उपाय लिहिलेला असतो. नावातच काय करणार ते सांगितलंय, तरी लोक करतात.

आणि तुमच्याच फाईलचं नाव नमपाय.पीवाय किंवा रँडम.पीवाय नाही ना ते बघा. पायथॉन आधी तीच उचलतो.

६. दोन यादी ठेवा, एक नव्हे

पहिली यादी हातानं लिहायची, त्यात फक्त तुम्ही स्वतः मागितलेल्या लायब्ऱ्या आणि अटी. तिला "मूळ.टीएक्सटी" म्हणूया, नाव इंग्रजीत द्या. दुसरी मशीनकडून काढायची:

पायथॉन -एम पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स३१०.टीएक्सटी

हिच्यात मागोमाग आलेल्यांसकट सगळ्यांचा नेमका आकडा येतो. तीच खोली परत उभी करायला दुसरी यादी, नवीन पायथॉनवर जायला पहिली. ३.८ वर काढलेली फ्रीझची यादी ३.१२ वर तशीच चालवायला गेलात तर अडकणार हे धरून चाला.

आकडे न लिहिता नुसती नावं ठेवली तर काय होतं तेपण बघा. त्याच यादीवरून ३.८ वर पिप नमपाय १.२४.४ आणि पांडास २.०.३ आणतो, कारण ३.८ साठी तेच शेवटचे, आणि ३.१२ वर त्याहून कितीतरी नवीन. यादी एक, खोल्या दोन, उत्तरं वेगळी. मग "माझ्याकडं चालतंय की" सुरू.

जुन्या विंडोज पॉवरशेलमध्ये ">" नं काढलेली फाईल यूटीएफ-१६ मध्ये सेव्ह होते. पिप वाचतो, पण गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल) तिला बायनरी समजतो आणि काय बदललं ते दाखवत नाही. कमांड प्रॉम्प्टमधून काढा, प्रश्न मिटला.

खोलीचा फोल्डर पेनड्राईव्हवर कॉपी करून मित्राला देऊ नका. आत मूळ पायथॉनचा पाथ लिहिलेला असतो, जागा बदलली की मोडतं. द्यायची ती यादी. गिटमध्येपण खोली टाकायची नाही.

७. नेट नसलेल्या मशीनवर न्यायचं असेल

खानापूरच्या पलीकडं रेंजची मारामारी असते, आणि बिलिंगचं मशीन तर आपणच नेटपासून तोडलंय. नेट असलेल्या मशीनवर, त्याच व्हर्जनच्या खोलीत:

पायथॉन -एम पिप डाउनलोड -आर रिक्वायरमेंट्स३८.टीएक्सटी -डी व्हील्स

"व्हील्स" फोल्डर, यादी आणि पायथॉनचा इन्स्टॉलर असं तिन्ही पेनड्राईव्हवर. तिकडं खोली बनवून:

पायथॉन -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स=व्हील्स -आर रिक्वायरमेंट्स३८.टीएक्सटी

निघायच्या आधी व्हील्स फोल्डर उघडून नावं वाचा. सीपी३८ पाहिजे (साध्या लायब्ऱ्यांची पीवाय३-नन-एनी चालतात), बिटही जुळले पाहिजेत, आणि शेवटी "टार.जीझेड" असलेली फाईल असेल तर ती तिथं बांधावी लागणार, तिची सोय आत्ताच बघा.

८. जुन्या व्हर्जनवरून नव्यावर जाताना

जुन्या खोलीला हात लावायचा नाही. शेजारी नवीन खोली बनवा, "पाय -३.१२ -एम व्हेन्व्ह एन्व्ह३१२", आणि त्यात पहिली यादी, हातानं लिहिलेली ती, जुन्या अटी सैल करून टाका. त्याआधी जुन्या खोलीत प्रोग्रॅम एकदा "पायथॉन -डब्ल्यू डिफॉल्ट" नं चालवा (डब्ल्यू कॅपिटल), पुढं काय काय बंद होणारंय त्याच्या सूचना दिसतात.

तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये काय मोडतं? ३.१० पासून कलेक्शन्समधून मॅपिंग घेता येत नाही, ते कलेक्शन्स.एबीसी मधून घ्यावं लागतं. ३.१२ मध्ये डिस्टयुटिल्स गेलं, आणि नवीन खोलीत सेटअपटूल्स आपोआप येत नाही, लागलं तर वेगळं टाका. ३.१३ मध्ये सीजीआय, टेलनेटलिब अशी जुनी मंडळी गेली.

दोन्ही खोल्यांत तेच इनपुट देऊन आउटपुट जुळवून बघा, बिलाची बेरीज जुळली पाहिजे. ग्राहकांची नावं मराठी-कन्नडात असतील तर फाईल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ स्पष्ट लिहा, विंडोजवर न लिहिल्यास दुसऱ्याच एन्कोडिंगमध्ये वाचलं जातं.

९. एडिटर आणि ज्युपिटरला सांगायचं राहतं

टर्मिनलमध्ये चालतंय आणि व्हीएस कोडमध्ये नाही, म्हणजे व्हीएस कोड दुसरा पायथॉन धरून बसलाय. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा, "सिलेक्ट इंटरप्रिटर", आणि खोलीतला निवडा. ज्युपिटरसाठी (ब्राउझरमध्ये कोड चालवायचं नोटबुक) खोली उघडून आयपायकर्नल टाका आणि:

पायथॉन -एम आयपायकर्नल इन्स्टॉल --यूजर --नेम एन्व्ह३१०

मग नोटबुकमध्ये वरच्या कोपऱ्यातून तो कर्नल निवडायचा. शंका आली तर नोटबुकमध्येच सिस.एक्झिक्युटेबल प्रिंट करा, कुठला पायथॉन चाललाय तो पाथ समोर येतो.

हे सगळं हातानं करून समजलं की मग यूव्ही (पिप आणि व्हेन्व्ह दोन्हींचं काम करणारं टूल) वापरून बघा, "यूव्ही व्हेन्व्ह --पायथॉन ३.१०" म्हटलं की पायथॉन नसेल तर तो स्वतःच उतरवून खोली बनवतो, आणि वेगही चांगलाय.

१०. आवराआवर

खोली नको असेल तर फोल्डर डिलीट करा, बास, वेगळं अनइन्स्टॉल नसतं. मूळ पायथॉन काढायचा असेल तर मात्र आधी प्रत्येक खोलीतली पायव्हेन्व्ह.सीएफजी ही फाईल नोटपॅडमध्ये उघडून "होम" ची ओळ वाचा. जी खोली त्या पायथॉनकडं बोट दाखवत असेल तिची फ्रीझची यादी आधी काढून ठेवा, कारण पायथॉन गेला की त्या खोलीत पिपसुद्धा चालणार नाही.